दोघींनी बघितलेली काच

आमच्या थोरल्या जाऊबाईंशी माझं वाजलं नाही असा आठवडा शोधून सापडायचा नाही, आणि त्यांना विचारल्याशिवाय माझं पानही हलत नाही. एकाच मजल्यावर समोरासमोर आमची दारं. माझं दिवसभर सताड उघडं, कारण पडद्यांचं कापड पसरायला मला खोली पुरत नाही. त्यांचं कायम लावलेलं. मी पडदे शिवते, त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काचा वाचतात. काचा वाचतात म्हणजे काय ते आधी सांगते, कारण लग्नानंतर कितीतरी दिवस मलाही वाटायचं की ही बाई तिथे काचा पुसायला जाते.

बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाशी बारीक ब्रश फिरवून तिथल्या पेशी घेतात. त्या काचेच्या पट्टीवर पसरून रंगवतात. मग कुणीतरी मायक्रोस्कोपला डोळे लावून ती पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत बघत जातं, कुठे कॅन्सरची चाहूल आहे का म्हणून. काही दुखत-खुपत नसताना हे कळलं तर बाई वाचते. डॉक्टर त्या पट्टीला स्लाइड म्हणतात. वाचणाऱ्या बायका म्हणतात काच.

ताई, म्हणजे आमच्या या जाऊबाई, या कामात मुरलेल्या. लॅबमध्ये काचा वाचणाऱ्या जितक्या होत्या, तितक्या सगळ्या त्यांनीच शेजारी बसवून तयार केलेल्या. सगळ्या त्यांना ‘बाई’ म्हणायच्या, शाळेतल्यासारखं. मान ताठ, बोलणं तोलूनमापून, आणि नजर अशी की माझ्या पडद्याची एक टीप सुटली असेल तर दारातूनच म्हणायच्या, “धाकटे, तिसऱ्या घडीखाली बघ.” माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, कारण टीप सुटलेलीच असायची.

मागच्या वर्षी त्यांनी मला हाताला धरून तपासणीला नेलं. मी खूप आढेवेढे घेतले, काय ती लाज, काय ती थंडगार खोली! पण ताईंपुढे कुणाचं चाललंय? काही दिवसांनी त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “स्वच्छ आहे. दोघींनी बघितलीय.” एवढंच. पण ‘दोघींनी’ हा शब्द त्या असा उच्चारायच्या की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडावा. तो त्यांच्या लॅबचा कडक नियम होता. प्रत्येक काच दोघी वाचणार, वेगवेगळ्या वेळी, एकमेकींना एक अक्षर न सांगता. दोघींचं जुळलं तरच कागद बाहेर जाणार.

मग ती बाणवाली आली. हे नाव मीच ठेवलं तिला. कुठल्याशा विद्यापीठातली चष्मेवाली पोरगी, संशोधनासाठी लॅबमध्ये हिंडत होती. मोठ्या कागदावर माणसांचे ठिपके काढायची आणि अडलं की कोण कुणाला विचारतं, त्याचे बाण. लॅबमध्ये ताई तिला उभी करीनात, म्हणून सुट्टीच्या दिवशी थेट घरी येऊन धडकली. ताईंच्या घरी रंगकाम चाललेलं, त्यामुळे बैठक माझ्याकडे, कापडाच्या ढिगात.

“कामात अडलात तर तुम्ही कुणाला विचारता?” तिने ताईंना विचारलं.

“मी अडत नाही.”

मला हसू आवरेना. पोरीने माझ्याकडे मोर्चा वळवला. “आणि काकू, तुम्ही?”

“मी ह्यांना विचारते, आणि मग नेमकं उलट करते.”

“हेसुद्धा टिपून ठेवते,” ती म्हणाली आणि खरंच टिपलं. गोड होती पोरगी. रोग माणसामाणसांतून पसरतो, अफवा पसरते, तशीच कामाची सवयही पसरते, आणि सवयीबरोबर चूकही, असा काहीतरी तिचा विषय होता. तिने कागद उलगडला. ठिपक्याठिपक्यातून निघालेले सगळे बाण एकाच ठिपक्यात येऊन घुसलेले. तो ठिपका कोणाचा, ते सांगायला नको. ताईंनी चहाचा कप उचलला, पण चेहऱ्यावरचं समाधान काही त्यांना लपवता येईना.

कागदाच्या कडेला एक ठिपका एकटाच पडला होता. ना येणारा बाण, ना जाणारा.

“ही कोण बिचारी?” मी विचारलं.

“या आता तिथे नसतात. जुन्या एक-दोघींनी नाव घेतलं म्हणून ठेवलंय.”

“शंकेखोर,” ताई म्हणाल्या, आणि कप खाली ठेवला.

ती गोष्ट मला माहीत होती. काचेवर कधी कधी पेशींचा गच्च गठ्ठा असतो, एकीवर एक चढलेल्या. त्यात धड काही दिसत नाही, आणि बहुतेक वेळा तो गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा निरुपद्रवी तुकडाच असतो. ताई नव्या होत्या तेव्हा त्या असे गठ्ठे ‘संशयास्पद’ म्हणून वर पाठवायच्या. तेव्हाचे डॉक्टर बायकांना बोलावून तुकडा कापायचे आणि निघायचं काहीच नाही. अशाच एकीला दिवस गेलेले होते. त्या कापाकापीत तिचा गर्भ गेला. ताई तेव्हा कितीतरी दिवस जेवल्या नव्हत्या म्हणे. तेव्हापासून त्यांनी स्वतःला नियम घातला, आणि पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येकीला तोच शिकवला: गर्दीत शिरायचं नाही, सुट्या पेशी बघायच्या. शंकेखोर मात्र शिरायची. दिसला गठ्ठा की पाठव वर. दहातले नऊ फुकट जायचे. शेवटी एक दिवस सगळ्यांसमोर ताई तिला बोलल्या, “बायकांना घाबरवायची एवढी हौस असेल तर दुसरीकडे जा.” आणि ती गेली.

पुढे काही आठवडे शांततेत गेले. मग एका दुपारी बाणवाली पुन्हा आली. या वेळी चहा नको म्हणाली, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ताई माझ्याकडेच होत्या, माझ्या शिलाई मशीनची सुईखालची पट्टी बसवून देत.

“बाई, हे अजून वर दिलेलं नाही. आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं.” पोरगी म्हणाली. “मी जुन्या काचांमधून काही काढल्या, न बघता चिठ्ठ्या उचलाव्यात तशा. मोठ्या डॉक्टरांची परवानगी होती. त्या दुसऱ्या शहरात, तुमच्या लॅबशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांकडून वाचून घेतल्या.”

“मग?”

“असं धरा, की एकीच्या हातून दहा वाईट काचांतली एक निसटते. दुसरीच्याही तेवढीच. मग तीच काच दोघींच्याही हातून निसटणं, हे शंभरात एकदा व्हायला हवं.”

“व्हायला हवं म्हणजे? तसंच होतं. त्यासाठीच दोघी बसवल्यात.”

“तसं होत नाही, बाई. एकीच्या हातून निसटलेली जवळजवळ प्रत्येक काच दुसरीच्याही हातून निसटलीय.” तिने ओढणीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं. “दोन पहारेकरी ठेवले, पण दोघांची डुलकी एकाच वेळी, तर दुसऱ्याचा काय उपयोग? आणि निसटलेल्या सगळ्या काचा एकाच जातीच्या आहेत. गर्दीच्या.”

मशीनची पट्टी ताईंच्या हातातून सुटली. मी त्यांचा चेहरा बघत होते आणि तो दगडासारखा झाला होता.

“तुला काय वाटतं, मी मुद्दाम शिकवलं?”

“नाही, बाई! तुम्ही इतकं चांगलं शिकवलंत, की सगळ्या अगदी तुमच्यासारखंच बघतात. तेच झालंय.”

“निघ इथून,” ताई म्हणाल्या. घर माझं होतं, पण पोरगी मुकाट्याने निघाली. मी जिन्यापर्यंत तिच्यामागे धावले आणि विचारू नये ते विचारलं. “त्या चिठ्ठ्यांमध्ये माझी काच निघाली होती का गं?”

“नाही, काकू. तुमची नव्हती.”

“म्हणजे माझी चांगली आहे?”

“म्हणजे तुमची कुणी बघितलेली नाही.” ती थांबली. “तुमच्यासारख्या खूप आहेत. त्यांतल्या बहुतेक जणी अगदी ठणठणीत असणार. फक्त कोण नाही, ते कळायला मार्ग नाही.”

परत आले तर ताई जमिनीवर बसून पट्टीचा स्क्रू शोधत होत्या. मला त्यांचा राग आला. खरं सांगते, असा राग आला की वाटलं हाताला धरून बाहेर काढावं. त्या तुमच्या ‘स्वच्छ’वर मी वर्षभर निवांत झोपले की हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण स्क्रू त्यांच्या गुडघ्याशीच पडला होता, आणि दारातून सुटलेली टीप बघणाऱ्या त्या बाईला तो दिसत नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी बाणवालीचा अहवाल वाचला. माणूस भला, त्यांना नावं ठेवणार नाही मी. यापुढे गठ्ठे सोडायचे नाहीत, असा हुकूम त्यांनी त्याच दिवशी काढला. पण जुन्या काचांचं काय? सगळ्या पुन्हा वाचायच्या तर नव्या तपासण्या कित्येक महिने बंद ठेवाव्या लागतील, आणि तेवढ्यात नव्या बायका अडकतील त्यांचं काय? एकूण संख्येच्या मानाने चुकलेल्यांचं प्रमाण अगदी थोडं आहे, एवढी जोखीम कुठेही धरतातच, असं म्हणून त्यांनी जुन्या काचा आहेत तिथेच राहू द्यायचं ठरवलं. बैठकीत ताईंनी मान डोलावली. घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हाही त्यांची मान तशीच डोलत होती.

“प्रमाण थोडं!” मी उसळले. “अहो, पण त्या थोड्यांत मी असले तर माझ्यासाठी ते किती?”

दुसऱ्या दिवशी लॅबला सुट्टी होती. सकाळीच दार वाजलं. “चप्पल घाल,” त्या म्हणाल्या.

लॅबमध्ये मी पहिल्यांदाच आत गेले. लांबट खोली, खिडकीला काळी पट्टी, डोक्यात जाणारा औषधी वास, आणि ओळीने झाकून ठेवलेले मायक्रोस्कोप. मागच्या खोलीत उभी लोखंडी कपाटं, आणि त्यांत खण, खणांत काचा, एकीला एक लागून. ताईंनी माझी काढली. एवढीशी तर पट्टी, जांभळट डाग पडल्यासारखी. माझ्या आयुष्याचा फैसला बोटाच्या पेराएवढ्या जागेत मावत होता, आणि वर्षभर इथे धूळ खात पडला होता.

त्या वाचायला बसल्या. मी शेजारच्या स्टुलावर. त्यांचा एक हात काच सरकवत होता, दुसरा चाक फिरवत होता. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा संपलं, त्यांनी काच फिरवून पुन्हा सुरू केलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली तेव्हा डोळ्यांभोवती भिंगांच्या कडांचे वळ उठले होते.

“काय आहे, ताई?”

“गठ्ठे आहेत. पाच-सहा.”

“मग?”

“मला स्वच्छच दिसतात.”

मी हुश्श केलं. तर त्या एकदम ओरडल्या, आवाज फाटला त्यांचा, “अगं, तेच तर! मला स्वच्छ दिसतात याला आता काय किंमत आहे? मागच्या वर्षीही हेच दिसलं होतं. शंभर वेळा बघेन, मला हेच दिसेल!” आणि तोंडावर हात धरून ती ताठ मानेची बाई ढसाढसा रडायला लागली. मला काय करावं सुचेना. त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा धीर मला आजवर कधी झाला नव्हता. त्या दिवशी ठेवला.

“मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवू.”

“कुणाला? सगळ्या माझ्याच हातच्या आहेत.”

दोघींनाही एकाच वेळी सुचलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. “ती मला दारात उभी करणार नाही,” त्या म्हणाल्या.

“मला करेल. मी काही तिचं घोडं मारलेलं नाही.”

शंकेखोर एका छपाईच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावरच्या छोट्या खासगी लॅबमध्ये काम करायची. खालच्या यंत्रांनी वरची जमीन हादरत होती. गोल चेहऱ्याची, ठेंगणी बाई. तिने आम्हाला बघितलं, ताईंना आपादमस्तक न्याहाळलं, आणि म्हणाली, “या बाई. बायकांना घाबरवायला आलात का?”

ताईंनी ते गिळलं. देवाशप्पथ सांगते, मी त्यांच्या जागी असते तर तिथेच दोन शब्द सुनावले असते. ताई फक्त एवढंच म्हणाल्या, “ही माझी धाकटी जाऊ. हिची काच आहे. मला दिसत नाही. तू बघ.”

तिची थट्टा तिथेच विरली. तिने हात धुतले, काच घेतली आणि खुर्ची ओढली. तिच्या मायक्रोस्कोपला डोळे लावायच्या भिंगांच्या दोन जोड्या होत्या, समोरासमोर. शिकवण्यासाठी असतात तशा. ती एकटीच बघत राहिली. खालची यंत्रं थांबली, पुन्हा सुरू झाली. मग तिने काचेवर शाईचा बारीक ठिपका ठेवला. मग आणखी एक. तो दुसरा ठिपका पडला तेव्हा मी मागच्या भिंतीला टेकले.

“मी दहातल्या नऊदा चुकते, ठाऊक आहे ना?” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “माझ्या शंकेवर रडत बसू नका. डॉक्टर तुकडा काढून बघतील, तेव्हा खरं काय ते कळेल. पण मला हे आवडलेलं नाही.” मग ताईंना म्हणाली, “बसा.”

ताई समोरच्या जोडीला डोळे लावून बसल्या. दोघी एकच काच, एकाच वेळी बघत होत्या. “मध्ये बघू नका. मध्ये तुम्हाला गर्दीच दिसणार. कडेला या. कडेच्या पेशी बघा, कशा बाहेर ओढल्यासारख्या आहेत. पिसं विसकटल्यासारख्या. अस्तराच्या तुकड्याची कड अशी नसते.”

“नाही दिसत.”

“घाई नाही.”

मी भिंतीला टेकून उभी होते. मनात धावा चालला होता की ताईंना दिसू नये. त्यांना दिसलं नाही तर कदाचित तिथे नसेलच, असा काहीतरी खुळा हिशोब. ताईंच्या मानेची शीर ताठ झाली होती. चाकावरचं बोट पुढे-मागे, पुढे-मागे होत होतं.

“दिसलं,” त्या म्हणाल्या, अगदी हळू. आणि भिंगावरचे डोळे न हलवताच त्यांनी मागे हात लांबवून माझा हात शोधला.

तुकडा काढला, तपासला, आणि शंकेखोर बरोबर निघाली. पसरायच्या आत सापडलं होतं. माझं गर्भाशय काढलं. पोरं मोठी झालीत, मला त्याची काही गरज नव्हती, असं सगळे सांगत होते, जणू जुनं कपाट विकलं. मी रडले ते रडलेच. ताई रोज हॉस्पिटलात येऊन माझ्या खाटेशी बसायच्या. माझे हे आणि मोठे भाऊजी दारापर्यंत यायचे, खोकायचे, आणि चहा आणतो म्हणून सटकायचे.

एका दुपारी मी छताकडे बघत विचारलं, “ताई, मी तुमची जाऊ नसते तर?”

“गप पड.”

“नाही, सांगा ना. ती काच अजून त्या खणातच असती ना? डॉक्टरांचं प्रमाण थोडं, आणि मी त्या थोड्यांत. तुमच्या समोरच्या दारात राहते म्हणून वाचले. बाकीच्यांनी कुणाच्या समोर राहायला जायचं?”

ताई उठून गेल्या. मला वाटलं, चिडल्या. संध्याकाळी कळलं, त्या सरळ मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या होत्या. तिथे त्यांनी लिहून दिलं, की गठ्ठे सोडायचा नियम माझा होता, तो चुकीचा होता, तो मी प्रत्येकीला शिकवला, आणि म्हणून या लॅबमधून ‘दोघींनी बघितली’ म्हणून गेलेली एकही काच खरोखर दोघींनी बघितलेली नाही. डॉक्टरांनी विनवलं म्हणे, बाई, हे लेखी कशाला? ताई म्हणाल्या, तोंडी दिलं तर तुम्ही पुन्हा प्रमाण सांगाल.

असं लेखी आल्यावर हॉस्पिटलचा नाइलाज झाला. काचा खोकी भरभरून बाहेरच्या लॅबांत गेल्या. ताईंच्या कामाचं जे व्हायचं तेच झालं. त्यांना वाचनाच्या टेबलावरून उठवलं आणि काचा रंगवायच्या कामाला लावलं, जिथे त्यांनी कधीकाळी सुरुवात केली होती. तयार केलेल्या पोरींतल्या दोघी बोलेनाशा झाल्या. त्यांचं म्हणणं, बाईंनी स्वतःबरोबर आमचंही नाव बुडवलं. खोटं नव्हतं ते. ताईंनी माझ्याजवळ एका शब्दाने तक्रार केली नाही, पण माझ्या पडद्यांवरून त्यांची नजर उठायची आणि त्या म्हणायच्या, “मला ठीक दिसतंय, तू दुसऱ्या कुणाला दाखव.” हे ऐकायला नको वाटायचं. त्यांनी पहिल्यासारखं टोचून बोलावं म्हणून मी मुद्दाम टिपा सोडून बघितल्या.

बाहेरून निकाल यायला लागले. बहुतेक जणी ठणठणीत होत्या, बाणवाली म्हणाली होती तसंच. काही नव्हत्या. त्यांना हॉस्पिटलने फोन केले आणि त्या आल्या. एकीचा मात्र फोन कुणी उचलेना. ताईंनी पत्ता मिळवला आणि मला म्हणाल्या, “येतेस का?”

तीन मजले, अरुंद जिना, जिन्यात रंगाचे रिकामे डबे. वर चढताना त्या दोनदा थांबल्या. मी म्हटलं, “ताई, या काचेच्या कागदावर एक सही तुमची, पण दुसरी लॅबमधल्या त्या सगळ्यात लहान पोरीची आहे ना? मग तिलाही आणायचं होतं. सगळं तुम्ही एकटीनेच का ऐकून घ्यायचं?”

“ती कालपरवा शिकलेली पोर आहे,” त्या म्हणाल्या आणि बेल दाबली.

दार उघडलं ते एका रंगाऱ्याने. नखांत पांढरा रंग, अंगात बनियन. हॉस्पिटलमधून आलोय म्हटल्यावर त्याने आम्हाला आत घेतलं, खुर्चीवरचे कपडे उचलले, पाणी आणून दिलं. बायकोला भेटायचंय म्हटलं तेव्हा तांब्या अजून त्याच्या हातातच होता.

“ती गेली,” तो म्हणाला. “चार महिने झाले. तुमच्याकडे नोंद नसेल. आम्ही शेवटी दुसऱ्या हॉस्पिटलात होतो.”

ताईंनी ग्लास खाली ठेवला. पाणी तसंच होतं.

“तपासणी केली होती हो तिने,” तो समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, जणू आम्ही त्याला दोष द्यायला आलो होतो. “तुमच्याकडेच. स्वच्छ आहे म्हणून कागद आला होता. पुढे तिला त्रास व्हायला लागला, तेव्हा मी म्हटलं, चल दाखवू. तर तीच म्हणाली, कशाला पुन्हा? तिथे एकाने नाही, दोघांनी बघितलंय. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं होतं तिला, दोघं बघतात म्हणून. मग आम्ही निर्धास्त राहिलो.”

मला वाटलं, आता ताई उठतील, दिलगीर आहोत म्हणतील आणि आपण निघू. पण त्या खुर्चीत पुढे सरकल्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, “त्या दोघांतली एक मी.”

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने हातातला तांब्या टेबलावर ठेवला, आणि ज्या आवाजात विचारलं तो मी आयुष्यात विसरणार नाही.

“आणि दुसरी?”

“दुसरीही मीच,” ताई म्हणाल्या.